उंची आणि घड्याळ : स्वित्झर्लंडच्या ग्रुप टूरची तयारी

स्वित्झर्लंड हा देश आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढा आहे. क्षेत्रफळ सुमारे ४१,२८५ चौरस किलोमीटर. त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास भाग आल्प्स पर्वताने व्यापलेला. नकाशावर दोन गावे बोटभर अंतरावर दिसतात, पण त्यांच्या मधे एखादा घाट, एखादे लांबलचक सरोवर नाहीतर बर्फाची शिखरे उभी असतात. इंटरलाकेन हे गाव समुद्रसपाटीपासून ५६८ मीटरवर आहे. तिथून सकाळी निघालेला प्रवासी दुपारच्या जेवणाच्या आत ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोख स्टेशनात पोहोचतो. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे. त्याच्या दुपटीहून जास्त उंची इथे बसल्या जागी गाठली जाते. या सहलीची तयारी इतर युरोपपेक्षा वेगळी पडते ती यामुळे. एकीकडे उंचीला शरीर तयार करायचे असते, दुसरीकडे तीस-चाळीस माणसांच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवायचे असते.

मार्गदर्शकासोबत समूहाने फिरण्याची पद्धत याच देशात लवकर रुजली. टॉमस कुक यांनी १८६३ साली इंग्लंडहून स्वित्झर्लंडला आपली पहिली सहल आणली. त्या सहलीतल्या जेमायमा मॉरेल या यॉर्कशरच्या तरुणीने लिहिलेली रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली. डोंगरात रेल्वे पोहोचलेली नव्हती, त्यामुळे मंडळी घोडागाडीने, बोटीने, खेचरावरून आणि पुष्कळशी पायी फिरली. आठ वर्षांनी, १८७१ मध्ये, रिगी पर्वतावर दातेरी रुळांची रेल्वे सुरू झाली. १८८९ मध्ये पिलाटुसची रेल्वे आली. तिचा चढ काही ठिकाणी ४८ टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना गाडी ४८ मीटर वर चढते. युंगफ्राउ रेल्वेचे काम १८९६ मध्ये हाती घेतले गेले. ती उभी करणारे उद्योजक आडोल्फ गुयर-त्सेलर १८९९ मध्ये वारले आणि आयगर व म्योंख या डोंगरांच्या पोटातून बोगदा खणत गाडी वरच्या स्टेशनात पोहोचली ती १ ऑगस्ट १९१२ रोजी. आजची सहल या शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कामावर उभी आहे. चढण्याचे कष्ट गाडीने घेतले. वरची हवा मात्र पूर्वी होती तितकीच विरळ आहे.

तयारीची सुरुवात बॅगेपासून नव्हे, महिना निवडण्यापासून होते. महाराष्ट्रातले बहुतेक पर्यटक शाळांना सुट्टी असते म्हणून मे महिन्यात निघतात. मे महिन्यात खाली कुरणे हिरवी आणि वर बर्फ, असे चित्रातले स्वित्झर्लंड दिसते. बर्फ वितळत असल्याने लाउटरब्रुनेनच्या दरीतला २९७ मीटरचा श्टाउबबाख धबधबाही भरून वाहतो. पण फुर्का, ग्रिम्सेल यांसारखे उंच घाट बर्फामुळे बहुधा जूनपर्यंत बंद असतात, आणि काही पर्वतांवरच्या केबल कार एप्रिल-मे किंवा नोव्हेंबरमध्ये देखभालीसाठी थांबवलेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सगळे खुले असते, तशी गर्दीही असते. शाळेचे बंधन नसलेल्या, निवृत्त मंडळींनी सप्टेंबरचा विचार जरूर करावा. गर्दी ओसरलेली असते आणि हवा बरेचदा स्वच्छ असते.

महिन्यानंतर कार्यक्रमपत्रिका. ती वाचताना देशांची संख्या मोजण्याऐवजी मुक्कामाच्या रात्री मोजाव्यात. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलीत स्वित्झर्लंडच्या वाट्याला दोन रात्री येतात. त्यातल्या एका दिवशी टिटलिस पर्वत आणि दुसऱ्या दिवशी युंगफ्राउयोख ठरलेले असते. डोंगर मात्र पत्रिका पाहून मोकळा होत नाही. ढग उतरले तर वर गेल्यावर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही, आणि ‘फ्योन’ नावाचा जोरदार दक्षिणी वारा सुटला तर केबल कार थांबवल्या जातात. एकाच गावात तीन-चार रात्रींचा मुक्काम असेल तर टूर मॅनेजर दिवसांची अदलाबदल करू शकतो: ढगाळ दिवशी लुत्सर्न शहर किंवा ऱ्हाइनचा धबधबा, आणि निरभ्र दिवशी पर्वत. पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारावा: हवामान बिघडले तर पर्वताचा दिवस बदलता येतो का, आणि रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत मिळतात का? ‘बाहेरून दर्शन’, ‘ऐच्छिक’, ‘वेळ असल्यास’ या शब्दांखाली रेघ मारून ठेवावी. हॉटेल गावात आहे की वीस किलोमीटर दूर महामार्गालगत, हेही विचारावे. संध्याकाळी सरोवराकाठी फिरायला मिळणार की नाही, ते त्यावर ठरते.

कागदपत्रांच्या बाबतीत एक गोष्ट गोंधळाची ठरते. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण डिसेंबर २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसावर तिथे जाता येते. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढायच्या त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात पहिला प्रवेश आहे त्याच्याकडे. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात मुलाखतीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून अडीच-तीन महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवास विमा सक्तीचा असून त्याचे वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचे लागते. मधुमेह, रक्तदाब, पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी हे सगळे विम्याच्या अर्जात लिहावे. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी अडचणीचा होतो, आणि स्विस रुग्णालयाचे बिल फ्रँकमध्ये येते.

सहल कंपनी फाइल तयार करते, पण बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावे लागते. मराठी नावांचा घोळ बरेचदा इथेच उघड होतो. पासपोर्टवर लग्नापूर्वीचे नाव, बँकेत लग्नानंतरचे. एका कागदावर मधले नाव वडिलांचे, दुसऱ्यावर पतीचे. हे आधीच जुळवून घ्यावे किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावे. विमानाचे तिकीट पासपोर्टवरच्या नावाप्रमाणे अक्षरन्‌अक्षर असायला हवे. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन निघणार असतील तर आई-वडिलांचे नोटरी केलेले संमतिपत्र लागते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे, त्यामुळे उतरल्यावर रांगेत वेळ जातो हे धरून चालावे. सहलीत मधेच लंडन असेल तर शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडून पुन्हा आत येणे होते. अशा वेळी एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो, आणि ब्रिटनचा व्हिसा तर वेगळाच.

शरीराच्या तयारीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि सहल बिघडते ती बहुतांशी त्यापायीच. ग्रुप टूर म्हणजे बसमध्ये बसून पाहणे, असा समज आहे. प्रत्यक्षात बस जुन्या शहराच्या बाहेर उभी राहते, पुढचे सगळे दगडी फरसबंदीवरून चालत. स्टेशनांतले जिने, बोटीच्या शिड्या, हॉटेलपासून थांब्यापर्यंतचा चढ असे मिळून दिवसाला आठ-दहा किलोमीटर सहज होतात. निघण्याच्या दोन महिने आधीपासून रोज अर्धा तास चालायला सुरुवात करून ते तासावर न्यावे आणि आठवड्यातून दोन-तीनदा जिना किंवा टेकडी चढावी. पुण्यातल्या मंडळींना पर्वती आहेच. चढण्याइतकाच उतरण्याचा सराव हवा, कारण गुडघे बोलतात ते उतारावर. नवे बूट या दोन महिन्यांतच पायात मुरवावेत. आदल्या दिवशी आणलेल्या बुटांनी लुत्सर्नच्या लाकडी पुलापर्यंत पोहोचेपर्यंत टाचेला फोड येतो आणि पुढचे आठ दिवस त्या फोडाभोवती फिरतात.

उंचीचे गणित साधे आहे. वर जावे तशी हवा विरळ होते. युंगफ्राउयोखला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू एकतृतीयांश कमी. ही उंची साधारण लेह शहराएवढी आहे. लेहला उतरल्यावर डॉक्टर दोन दिवस विश्रांती सांगतात. इथे माणूस दोन-तीन तास थांबून परत फिरतो, म्हणूनच बहुतेकांचे निभावते. डोंगरी आजाराची डोकेदुखी, मळमळ सहसा काही तासांनी सुरू होते. धाप लागणे, डोके हलके होणे, पायात गोळे आल्यासारखे वाटणे मात्र लगेच जाणवू शकते.

युंगफ्राउयोखच्या दिवसाचा क्रमच पाहावा. ग्रिंडेलवाल्ड गावच्या टर्मिनलवरून २०२० च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली ‘आयगर एक्सप्रेस’ ही केबल कार पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला पोहोचवते. काचेतून आयगरची काळी उत्तर भिंत इतकी जवळ येते की सगळे एकाच बाजूला सरकतात. तिथून दातेरी रुळांची गाडी बोगद्यात शिरते. वाटेत आइसमेअर स्टेशनला ती काही मिनिटे थांबते. लोक धावत खिडकीशी जातात, हिमनदीचा फोटो काढतात आणि धावतच परत डब्यात चढतात. नेमके हे धावणे टाळावे. ३,००० मीटरच्या वर पन्नास पावले पळणे हे हृदयविकार असलेल्या माणसाला झेपणारे नसते. वरच्या स्टेशनात उतरल्यावर पहिली दहा मिनिटे बाकावर बसावे, घोट-घोट पाणी प्यावे, मग हळू चालावे. १९३४ मध्ये दोन गिर्यारोहण मार्गदर्शकांनी कोरायला घेतलेल्या बर्फमहालात जमीन बर्फाचीच आहे, म्हणून कडेचा कठडा धरून चालावे. ३,५७१ मीटरवरच्या स्फिंक्स सज्जाला लिफ्टने जाता येते. तिथून वीस किलोमीटरहून लांब असलेली आलेच हिमनदी वळत जाताना दिसते. आल्प्समधली ही सर्वांत मोठी हिमनदी. ती पाहण्यासाठी निवांत वेळ राखून ठेवावा, चॉकलेटच्या दुकानातला वेळ कमी झाला तरी चालेल. डोके दुखू लागले तर गोळी घेऊन रेटू नये, टूर मॅनेजरला सांगून आधीच्या गाडीने खाली यावे. खाली येणे हाच त्यावरचा खरा उपाय. हृदय, फुप्फुस, तीव्र रक्तक्षय यांचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी पैसे भरण्याआधीच डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावे. नुसते ‘युरोपला जातोय’ म्हटले तर डॉक्टर पॅरिस समजतात.

औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवस जास्तीची घ्यावीत. मूळ वेष्टनात, औषधाचे शास्त्रीय नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. वैयक्तिक वापरासाठी महिनाभराची औषधे नेता येतात. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नये. बर्फात फिरतानाही ते जाकिटाच्या आतल्या खिशात असावे. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. उन्हाळ्यात स्विस घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. वेळेवर घ्यायच्या गोळ्यांचे नवे वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

कपड्यांबाबत एकच तत्त्व पुरते: एक जाड कोट नको, थरावर थर हवेत. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. इंटरलाकेनला अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो त्याच दिवशी युंगफ्राउयोखला पारा शून्याच्या आसपास असतो, वर वारा वेगळा. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, सर्वांत बाहेर वारा-पाऊस अडवणारे विंडचीटर. चढताना एकेक घालत जायचे, उतरताना काढत यायचे. सुती बनियन घामाने ओले झाले की गार पडते आणि लवकर वाळत नाही. साडी नेसणाऱ्या स्त्रियांनी आत थर्मलची विजार घालावी आणि बर्फाच्या दिवशी साडी घोट्याच्या वर खोचावी. ओला झालेला काठ बर्फावर पाय घसरायला पुरेसा असतो. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे लागतातच. गॉगल मात्र चैन म्हणून घेतला जातो किंवा विसरला जातो. उंचीवर अतिनील किरणे वाढतात आणि ताजे बर्फ त्यांतला ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकते. तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात, ओठ फुटतात, नाक सोलते. गॉगल, सनस्क्रीन आणि ओठांचा बाम या तीन वस्तू लहान मुलांनाही लागू.

बॅग प्रत्येकी एकच, आणि ती जिन्यावरून स्वतःला उचलता येईल इतकीच जड. स्विस हॉटेलांत बॅग खोलीपर्यंत नेणारा माणूस बहुधा नसतो. खोल्या आटोपशीर असतात, बऱ्याच हॉटेलांत पंखा किंवा एसी नसतो. दोन बॅगा उघड्या टाकल्या तर चालायला जागा उरत नाही. प्लगची अडचण अनेकांना तिथे गेल्यावरच कळते. स्विस सॉकेट षटकोनी खाचेत आत बसवलेले असते. मोबाइल चार्जरची बारीक दोन पिनांची प्लग त्यात बसते, पण आपली जाड तीन पिनांची बसत नाही आणि बाजारातले गोल बुडाचे अडॅप्टर त्या खाचेत शिरतच नाहीत. स्वित्झर्लंडसाठीचाच अडॅप्टर मागून घ्यावा.

खाण्याच्या पिशवीत मे महिन्यात हापूस जातोच, आणि तो विमानतळावर काढून घेतला जाऊ शकतो. युरोपबाहेरून ताजी फळे-भाज्या नेण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर अशी मोजकीच फळे त्याला अपवाद आहेत. दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर घरीच ठेवायचे. चिवडा, भडंग, भाकरवडी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी यांवर दहा दिवसांची चव भागते. बहुतेक मराठी सहलींत रात्रीचे जेवण भारतीय असते. न्याहारी मात्र हॉटेलची: ब्रेड, चीज, मुस्ली, फळे. तिथल्या ‘शाकाहारी’ पदार्थात अंडे असू शकते, आणि ग्रुयेअरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. काटेकोर शाकाहारी आणि जैन प्रवाशांनी हे नोंदणीच्या वेळीच कळवावे. खोलीत विजेच्या भांड्यात खिचडी शिजवल्यास धुराची घंटा वाजून सगळे हॉटेल रस्त्यावर येते आणि दंड त्या प्रवाशाला बसतो. न्याहारीच्या टेबलावरून दुपारसाठी डबा भरून नेणेही तिथे गैर मानतात. पाणी विकत घेण्याची गरज नाही. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, गावोगावच्या कारंज्यांवरही बाटली भरता येते. फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी दिसली तर ते पाणी पिऊ नये.

चलन स्विस फ्रँक. युरो बऱ्याच दुकानांत चालतात, सुटे मात्र फ्रँकमध्ये मिळतात. फोरेक्स कार्ड फ्रँकमध्ये भरून घ्यावे आणि नाणी जवळ बाळगावीत, कारण स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला बरेचदा एक-दोन फ्रँक पडतात. भारतीय कार्ड वापरताना यंत्राने ‘रुपयांत की फ्रँकमध्ये’ असे विचारले तर फ्रँक निवडावे. रुपयांचा पर्याय महाग पडतो. फोनच्या बाबतीतही युरोपीय संघाबाहेर असण्याचा फटका बसतो. अनेक ‘युरोप पॅक’ स्वित्झर्लंडला लागू नसतात, म्हणून देशांची यादी वाचूनच पॅक घ्यावा. आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिका १४४. हे दोन्ही, टूर मॅनेजरचा क्रमांक आणि हॉटेलचा पत्ता कागदावरही लिहून ठेवावा.

बसच्या वेळा हा ग्रुप टूरमधल्या बहुतेक रुसव्याफुगव्यांचा विषय. ‘पाच मिनिटांनी काय बिघडते?’ याचे उत्तर कायद्यात आहे. युरोपीय नियमांप्रमाणे बसचालकाला दिवसाला ९ तास गाडी चालवता येते; आठवड्यातून दोनदाच १० तास. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे थांबणे सक्तीचे आहे आणि रोज सलग ११ तासांची विश्रांती हवी, काही दिवस ९ तास चालते. गाडीतले टॅकोग्राफ यंत्र हे सगळे नोंदवते आणि पोलीस ते तपासतात. रात्री हॉटेलला पोहोचायला उशीर झाला तर दुसऱ्या सकाळी बस उशिराच निघते, आणि आरक्षित केबल कारची वेळ चुकते. एका कुटुंबाच्या वीस मिनिटांची किंमत चाळीस जणांच्या पर्वताच्या दिवसाने मोजली जाते. म्हणून ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी बसपाशी असण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. रात्री दहानंतर हॉटेलच्या मार्गिकेत गप्पा थांबवाव्यात, आणि रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात हे लक्षात ठेवून चॉकलेटची खरेदी शनिवारीच उरकावी.

मोकळा अर्धा दिवस मिळाला तर पायवाटेवर जाणे सर्वांत उत्तम. देशात ६५,००० किलोमीटरच्या खुणा केलेल्या पायवाटा आहेत. पिवळ्या पाट्यांवर अंतर नव्हे, चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. आपल्या चालीने त्यात निम्म्याने भर घालावी. नुसत्या पिवळ्या खुणांच्या वाटा सोप्या. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वाट डोंगरी आहे, तिला चांगले बूट आणि सराव लागतो. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या वाटेवर पर्यटकांनी पाऊल ठेवू नये. निघण्यापूर्वी हॉटेलमधला टीव्ही लावावा. सकाळी शिखरांवरच्या कॅमेऱ्यांची थेट दृश्ये आणि तिथले तापमान दाखवतात, त्यावरून वर ढग आहे की ऊन हे खिडकीतल्या आकाशापेक्षा जास्त खात्रीने कळते.

परतीच्या दिवशी दोन कामे उरतात. एकाच दुकानात ३०० फ्रँक किंवा अधिक खरेदी झाली असेल तर मूल्यवर्धित कराचा परतावा मागता येतो. त्यासाठी दुकानातून फॉर्म घ्यावा लागतो आणि वस्तू सामानात देण्यापूर्वी विमानतळावरच्या कस्टमला दाखवावी लागते, म्हणून घड्याळ किंवा सुरी बॅगेच्या तळाशी दडपू नये. दुसरे काम घरी आल्यावरचे. कायद्यानुसार परदेशी सहलीचे पैसे भरताना सहल कंपनी टीसीएस (उगमापाशी गोळा होणारा कर) वसूल करते. ती रक्कम प्राप्तिकरात वळती करता येते किंवा परत मिळते. कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि विवरणपत्र भरताना ते करसल्लागाराकडे द्यावे.